सगळेच ड्रम 1964 चे कसे?

गेल्या पंधरा-सोळा वर्षांत विकण्यासाठी, दाखवण्यासाठी किंवा नुसते मिरवण्यासाठी जेवढे जुने लडविग ड्रम माझ्यासमोर ठेवले गेले, त्यांतला एकही 1962 चा नव्हता. 1966 चा नव्हता. 1967 चा तर नव्हताच नव्हता. सगळे 1964 चे. शिकागोतल्या त्या कारखान्यानं आयुष्यात एकच वर्ष काम केलं आणि उरलेली वर्षं कामगार गच्चीवर पापड राखत बसले, असाच समज व्हावा.

1964 च का, याचं कारण सगळ्यांना ठाऊक आहे. त्या वर्षी 9 फेब्रुवारीला न्यूयॉर्कमध्ये एड सलिव्हनच्या टीव्ही कार्यक्रमात बीटल्स वाजले. मागे चौथऱ्यावर रिंगो स्टार, त्याच्यापुढे काळ्या शिंपल्याच्या झाकीचा, म्हणजे खोडावरच्या आवरणाचा, लडविग, आणि समोरच्या मोठ्या ड्रमवर कंपनीचं नाव. सात कोटींहून जास्त लोकांनी ते पाहिलं. शिकागोच्या कारखान्याला पाळ्या वाढवाव्या लागल्या आणि 1964 हे साल ड्रमच्या बाजारात साडेतीन मुहूर्तांत जाऊन बसलं.

सालाचा पुरावा विचारला की विकणारा ड्रम फिरवतो आणि बिल्ल्यावर नख टेकवतो. पितळी बिल्ला, कमानीच्या माथ्यावरच्या दगडासारखा वर रुंद, खाली निमुळता, म्हणून ‘की-स्टोन’. त्यावर नंबर. “नंबर बघा, तक्त्यात शोधा, विषय संपला.” तुम्ही चाचरत म्हणालात, अहो, पण या लगची (पुडी ताणणाऱ्या धातूच्या पेटीची) घडण वेगळी वाटते, स्नेअरच्या तारा ताणणारा हा खटका पुढच्या काळातला दिसतो, तर तो दयेनं हसतो. त्याचं म्हणणं मी त्याच्याच जोरात मांडतो, म्हणजे कमी मांडलं अशी तक्रार नको. हार्डवेअर म्हणजे शेवटी नट-बोल्ट. नट-बोल्ट बदलता येतात. साठ वर्षांत कुणी काय बदललं, कोण सांगणार? शिवाय सगळ्या कंपन्या एकमेकींकडून आणि एकाच पुरवठादाराकडून सुटे भाग घेत. जुना साठा संपेपर्यंत नव्या ड्रमवर जुने भाग लागत. तेव्हा लग आणि खटका बघून साल सांगणं म्हणजे हात बघून भविष्य सांगणं. कंपनीनं स्वतः ठोकलेला नंबर हाच खरा दाखला. आणि एवढं करूनही जुळलं नाही तर ब्रह्मास्त्र तयारच असतं: “साल घेऊन काय करायचंय, आवाज ऐका ना!”

हे मत फक्त दुकानदारांचं असतं तर मी गप्प बसलो असतो. दुकानदाराला पोट आहे. पण आता वाजवणारी जाणती मंडळी, संग्राहक, मुलाला पहिला सेट घेऊन देणारे बाप, सगळेच हे बोलायला लागलेत. म्हणून हा खटाटोप.

आधी नंबराचं बघू. लडविगनं बिल्ल्यावर नंबर घालायला सुरुवात केली ती 1963 च्या उत्तरार्धात. पण ड्रमची जन्मतारीख नोंदवायला नव्हे. नंबर घातलेले बिल्ले पेटीत पडलेले असत, जोडणी करणारा कामगार मूठ घालून हाताला येईल तो उचली आणि ठोके. खालचा बिल्ला खालीच राही, वरचा आधी जाई. कुठला नंबर कुठल्या दिवशी कुठल्या ड्रमवर गेला, याची वही कंपनीनं ठेवली नाही. मग हे तक्ते आले कुठून? संग्राहकांनी पुढे केले. ज्या ड्रमच्या आतल्या लाकडावर तारखेचा लाल शिक्का सापडला, त्या ड्रमचे नंबर गोळा करून अंदाजानं साल लावलं. म्हणजे तक्ता जन्मला तारखेच्या शिक्क्यातून. आणि आज लोक काय करतात? ड्रमच्या आत 1966 चा शिक्का दिसत असताना तक्ता दाखवून सांगतात, “शिक्का चुकलाय, नंबर चौसष्टचा आहे!” मुलानं बापाचा जन्मदाखला तपासावा तसला हा प्रकार.

यातली खरी गंमत पुढेच आहे. रिंगोनं आपला पहिला लडविग सेट घेतला तो 1963 मध्ये, लंडनच्या ‘ड्रम सिटी’ या आयव्हर आर्बिटरच्या दुकानातून. तेव्हा नंबर घालणं सुरूच झालं नव्हतं. त्या सेटमधला स्नेअर तो पुढच्या सेटांबरोबरही वाजवत राहिला. ज्या ड्रमनं ही सगळी नंबरबाजी सुरू करून दिली, त्याच्यावर नंबरच नाही! आजच्या बाजारात तो स्नेअर निनावी आणला, तर हीच मंडळी म्हणतील, “नंबर नाही? मग खात्री देता येत नाही.”

आता त्यांचं आवडतं वाक्य: हार्डवेअर बदलता येतं. येतं ना. पण मला सांगा, काय बदलायला सोपं? वीस इंची बेस ड्रमला दोन्ही बाजू मिळून सोळा लग. प्रत्येकाला दोन स्क्रू. म्हणजे खोडाला बत्तीस भोकं, तीही दोन स्क्रूंमधल्या ठरावीक अंतरानं. दुसऱ्या कंपनीचे लग लावायचे तर ती बत्तीस भोकं जुळायला हवीत, नाहीतर नवी पाडून जुनी बुजवायला हवीत, आणि झाकीवरचे जुने डाग लपवायला हवेत. याउलट बिल्ला? तो हवेच्या भोकातून आरपार गेलेल्या एका पोकळ रिव्हेटवर लटकलेला असतो. एक रिव्हेट! पकडीनं मुरगळला की सुटतो. नवे बनवलेले जुने बिल्ले बाजारात राजरोस मिळतात. आणि आमचे हे तार्किक बत्तीस भोकांवर संशय घेतात आणि एका रिव्हेटवर विश्वास ठेवतात. चोराला सोडून संन्याशाला फाशी देण्याची आपली परंपरा जुनी आहे, हे मान्य. पण निदान चोर कोण आणि संन्यासी कोण एवढं तरी ओळखावं.

हे मी हवेत बोलत नाही. चार वर्षांपूर्वी जुन्या वाद्यांचा व्यवहार करणाऱ्या एका गृहस्थांकडून मी एक फ्लोअर टॉम घेतला. शॅम्पेन रंगाची चमकी, की-स्टोनचा बिल्ला, नंबर. साल अर्थातच 1964. “साहेब, असा पुन्हा मिळणार नाही,” ते म्हणाले, आणि ते शब्दशः खरं ठरलं. घरी आणून जुनी चादर अंथरली, ड्रम आडवा ठेवला, पेचकस घेतला आणि एक लग उघडला. लगच्या खाली झाकी अजून चांदीसारखी पांढरी होती, बाकी सगळीकडे धुरानं आणि उन्हानं पिवळी पडलेली. म्हणजे ‘शॅम्पेन’ हा रंग कंपनीचा नव्हे, काळाचा. त्या पांढऱ्या डागाचा आकार पाहिला तर तो थेंबासारखा, खाली निमुळता. हातातला लग मात्र सरळ, उभट. डागाच्या आत दोन भोकं होती, काडीपेटीच्या काड्या कोंबून वर एम-सील फासलेली, आणि त्यांच्यापासून बोटभर अंतरावर दोन नवी. मग माझ्याकडचा अमेरिकन टेन्शन रॉड घेतला. अमेरिकन ड्रमच्या रॉडचे आटे ठरलेले आहेत, इंचाला चोवीस. तो दीड आट्यात अडकला. जोर लावला असता तर आतलं नट गेलं असतं. शेवटी दिवा आत घालून पाहिलं: तांबूस, भुसभुशीत, जाड रेषांचं लुआन लाकूड. लडविगच्या त्या काळच्या खोडात मेपल, पॉपलर, महोगनी यांचे पदर आणि कडेला आतून लाकडाचं कडं असतं. इथे कडं होतं, पण पदर परके. आणि बिल्ला? नाक्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतो त्या ॲल्युमिनियमच्या पॉप रिव्हेटनं ठोकलेला.

तो जपानी ड्रम होता. 1960 च्या दशकात जपानी कारखाने एकच ड्रम घडवून अमेरिकेतल्या नि इतर देशांतल्या वेगवेगळ्या विक्रेत्यांच्या नावांनी पाठवत. एकच खोड, तेच लग, बिल्ला मात्र गिऱ्हाईक म्हणेल तो. अशा ड्रमांना ओळखायचं कशावरून? बिल्ल्यावरून? बिल्ला तर तिथे कंपनीनंच खोटा लावलेला! लगचा थेंबासारखा आकार, खटक्याची दांडी, टॉम अडकवायच्या पट्टीची घडण, यांवरूनच त्यांची घराणी लागतात. जे हार्डवेअर बघणं म्हणजे ज्योतिष म्हणतात, त्यांनी या ड्रमांपुढे उभं राहून आपलं शास्त्र चालवून दाखवावं.

लग म्हणजे काय, हे ज्यांनी तबला-पखवाज सोडून दुसरं काही हातात घेतलं नाही त्यांना एका वाक्यात सांगतो. तबल्यावर वादी आणि गट्टे मिळून जे काम करतात, म्हणजे पुडी खोडावर ताणून धरायची आणि हवा तो सूर देईल इतपत ओढायची, ते ड्रमवर रॉड आणि लग करतात. लग ही खोडाला बोल्टनं बसवलेली पोकळ धातूची पेटी. तिच्यात एक फिरतं नट, त्याला आधाराला बहुधा स्प्रिंग, आणि ती स्प्रिंग वाजताना कुरकुरू नये म्हणून कोंबलेला फेल्टचा तुकडा. तबल्याची वादी बदलली की खोडाला कळतही नाही. लग बदलला की खोडाला जन्मभर भोकं पडतात. सालाचा तपास इथेच सुरू होतो.

“सगळ्यांचे भाग एकाच ठिकाणचे” हा दुसरा मुद्दा. अर्धसत्याला किती लांब पाय असतात, याचा हा नमुना. मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरची वॉलबर्ग अँड ऑज ही कंपनी स्टँड, पट्ट्या, हाय-हॅटचे सांगाडे बनवून निरनिराळ्या ड्रमवाल्यांना पुरवत असे, हे खरं. ग्रेचच्या सेटवर तिचा माल दिसतो, रॉजर्सच्याही. म्हणून काय? स्टँडवरून साल सांगू नका. कोण सांगतंय? स्टँड वेगळा विकत घेतला जातो, वेगळा हरवतो, रिक्षात विसरतो. मी बोलतोय ते खोडाला पक्क्या ठोकलेल्या वस्तूंबद्दल. बाहेरच्या छत्रीवरून घरमालक ओळखता येत नाही, म्हणून दरवाजावरूनही येत नाही, असा निष्कर्ष काढायचा का?

आणि रॉजर्सचंच उदाहरण घ्या. ओहायोतल्या या कंपनीच्या बिल्ल्यांवर क्लीव्हलँड असं शहर येतं. ड्रम तयार होत होते कोव्हिंग्टनला. क्लीव्हलँडला मालकांचं कार्यालय होतं. म्हणजे बिल्ला गावही धड सांगत नाही, साल तर दूरच. त्यांचे जुने लग पातळ पितळी पत्रा दाबून केलेले. दिसायला देखणे, पण नटच्या जागी हमखास तडकत. म्हणून 1960 च्या दशकाच्या मध्याला कंपनीनं ओतीव लग आणले, खाली पसरट. अमेरिकन मंडळी त्यांना बीव्हरची शेपटी म्हणतात. 1966 मध्ये सीबीएसनं कंपनी घेतली आणि पुढे कामकाज कॅलिफोर्नियात फुलर्टनला गेलं. आता एखाद्या रॉजर्सच्या लगकडे बघा. पत्र्याचा आणि तडकलेला? आधीचा. ओतीव? नंतरचा. तडा गेला म्हणून नंतर ओतीव बसवलेला? तर जुन्या लगच्या बुडाचा ठसा झाकीवर सापडेल, नाहीतर सापडणार नाही. यात ज्योतिष कुठे आलं? हा सरळ पंचनामा आहे.

साठ्याचा मुद्दा मात्र थोडा खरा आहे, आणि तेवढा मी देऊन टाकतो. कारखान्यात जुना लग संपल्याशिवाय नवा उघडत नसत. एकाच ड्रमवर दोन वर्षांचे भाग सापडतात. पण यातून काय सिद्ध होतं? हार्डवेअर निरुपयोगी आहे हे? मुळीच नाही. एवढंच सिद्ध होतं की प्रत्येक भाग आपल्याला “याच्या आधीचा नाही” एवढंच सांगतो. पी-85 या नावाचा खटका साधारण 1970 च्या आसपास आला. तो मूळ भोकांत बसलेला असेल, तर ड्रम त्याच्या आधी तयार झाला असणं अवघड. 1955 च्या आधी बरीच वर्षं ‘लडविग’ हे नाव वापरायचा हक्क विल्यम लडविगकडे नव्हता. ते नाव कॉन कंपनीकडे होतं, आणि 1937 पासून त्याचा स्वतःचा कारखाना डब्ल्यू.एफ.एल. या नावानं चालला. निकेलच्या मुलाम्याला काळाबरोबर पिवळट मळभ चढतं, क्रोम निळसर राहतं. जुन्या कॅटलॉगांत दोन्हींच्या किमती वेगळ्या छापलेल्या असत, क्रोमला जास्त. असे पाच-सहा साक्षीदार उभे करा. प्रत्येकजण म्हणतो, “मी त्या दिवशी होतो, त्याआधी नव्हतो.” मग जे उरतं तो सालांचा एक पट्टा असतो: समजा, 1966 ते 1968. एक साल नव्हे, पट्टा. पण पट्ट्याला गिऱ्हाईक नाही! लोकांना 1964 हवं असतं, मुहूर्तासारखं, आणि जमलं तर तासा-मिनिटांसकट.

नंबरही खरा उपयोगी पडतो तो याच रीतीनं, हे नंबरवाल्यांना अजून उमगलेलं नाही. मुंबईत एकदा एकानं मला एक टॉम दाखवला आणि कहाणी सांगितली. 1958 मध्ये डेव्ह ब्रुबेकचा चमू अमेरिकी सरकारच्या दौऱ्यावर भारतात आला होता, हा इतिहास आहे. ड्रमवर जो मोरेलो होता, हाही इतिहास. पुढची पोटकहाणी अशी की जाताना मोरेलोनं हा टॉम इथल्या कुणा वादकाला दिला. टॉमवर की-स्टोन बिल्ला होता, त्यावर ठसठशीत नंबर. नंबर सुरू झाले 1963 मध्ये. म्हणजे मोरेलो पाच वर्षं पुढे जाऊन ड्रम घेऊन आला असणार. मी हे म्हणालो तर ते काका रागावले. “तुम्ही लोक प्रत्येक गोष्टीत खुसपट काढता,” म्हणाले. ज्या नंबरावर इतकी श्रद्धा, तोच नंबर नीट वाचला तर खुसपट!

हाच आजार आपल्याकडे दगडांनाही जडलेला आहे. चुन्याशिवाय रचलेलं काळ्या दगडाचं देऊळ दिसलं की आपण बेधडक हेमाडपंती म्हणतो. हेमाद्री यादवांचा मंत्री, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. अंबरनाथच्या शिवमंदिरातला लेख शके 982 चा, म्हणजे 1060 चा. दोनशे वर्षं आधीचा! तरी गाडीतून उतरताना बाबा मुलाला सांगतातच, “हे बघ, हेमाडपंती.” खांबाची घडण, शिखराची ठेवण, शिल्पाचा बाज बघून काळ ठरवणारे अभ्यासक आपल्याकडे होऊन गेले आणि आजही आहेत. त्यांना कुणी ज्योतिषी म्हणत नाही. मग तोच माणूस ड्रमचा लग बघू लागला की एकदम भोंदू कसा ठरतो?

हार्डवेअर काय सांगू शकतं याचा सगळ्यात झणझणीत दाखला युद्धकाळातला आहे. 1942 मध्ये अमेरिकेच्या युद्ध-उत्पादन मंडळानं आदेश काढला: वाद्यांमध्ये धातूचं प्रमाण वजनाच्या दहा टक्क्यांवर जाऊ नये. पितळ, पोलाद, सगळं तोफांना आणि विमानांना. आता लग कशाचे करायचे? लाकडाचे केले. स्लिंगरलँडनं ‘रोलिंग बॉम्बर’ काढला, डब्ल्यू.एफ.एल.नं ‘व्हिक्टोरियस’, लीडीनं ‘ड्रेडनॉट’. लग लाकडी, रिमा लाकडी, मोठ्या ड्रमचे पायही लाकडी. युद्ध संपलं, धातू सुटला, आणि हे ड्रम कारखान्यांनी इतक्या घाईनं बंद केले की जणू लाजच वाटत होती. असा ड्रम हातात आला की बिल्ला हरवलेला असू दे, शिक्का पुसलेला असू दे, नंबर तर तेव्हा नव्हताच. लाकडी लगवर बोट ठेवा आणि तो 1942 ते 1945 च्या पट्ट्यात येतो. एका सरकारी आदेशाची तारीख त्या वाद्याच्या अंगावर कोरलेली आहे, आणि आमचे मित्र विचारतात, “पण नंबर काय?”

“एकच लग पाच कंपन्यांवर सापडतो, मग?” हा प्रश्न मला एका हुशार तरुण वादकानं विचारला होता आणि तो रास्त आहे. जॉर्ज वे हा लीडीमध्ये उमेदीची वर्षं घालवलेला माणूस. 1957 च्या सुमारास त्यानं इंडियानातल्या एल्कहार्टला स्वतःची कंपनी काढली. त्याच्या ड्रमवर एक छोटा, गोल, बुरुजासारखा लग होता. पाचेक वर्षांत कंपनी त्याच्या हातून गेली आणि कॅमको झाली. लग तोच. कॅमको इलिनॉयमधल्या ओकलॉनला गेली, मग कॅन्ससमधल्या शनूटला, मग लॉस एंजेलिसला. बिल्ल्यावर दर वेळी नवं गाव, लग तोच. 1979 मध्ये साचे-यंत्रं ड्रम वर्कशॉपनं (डीडब्ल्यू) घेतली, नाव गेलं जपानच्या टामाकडे. आजच्या डीडब्ल्यूच्या ड्रमवरही तोच गोल बुरूज आहे. तेव्हा हो, नुसत्या त्या लगवरून साल सांगणारा माणूस मूर्ख आहे. पण एकाच साक्षीदारावर खटला चालवा असं मी कधी म्हटलं? आणि जरा नीट बघा, या कहाणीत खरी वंशावळ कुणी जपली? नावं विकली गेली, गावं बदलली, बिल्ले पाच वेळा नव्यानं छापले. धागा टिकला तो लगच्या साच्यात.

चुंबकवाल्यांचा निकाल झटपट लावतो. काही पंडित खिशात चुंबक ठेवतात. लडविगच्या सुप्राफॉनिक या धातूच्या स्नेअरला तो लावतात, चिकटला नाही की जाहीर करतात, “पितळ! म्हणजे साठ-एकसष्टचा!” लडविगनं 1963 च्या सुमारास त्या स्नेअरचं खोड पितळेवरून ॲल्युमिनियमवर नेलं. पितळेला चुंबक चिकटत नाही. ॲल्युमिनियमलाही चिकटत नाही. शाळेत सहावीला शिकवतात. त्यापेक्षा ड्रम उचलून वजन बघा, क्रोमला फोड आलेत का बघा: ॲल्युमिनियमवरचा क्रोम हमखास फोड धरतो.

आता इथला, मुंबईचा मुद्दा. तो मला जिव्हारी लागतो. म्हणतात, परदेशात ठीक आहे, भारतात आलेल्या ड्रमचं हार्डवेअर बघून काय उपयोग, इथे तर सगळंच बदललेलं. हे खरं आहे की इथे ड्रम मरू दिले जात नव्हते. परकीय चलनाची चणचण, आयातीवर परवाने, आणि तिकडे हॉटेलांतले बँड, चित्रपटांचे रेकॉर्डिंग स्टुडिओ. कावस लॉर्ड आणि त्यांचे चिरंजीव केरसी आणि बर्जोर, किंवा लेस्ली गोदिन्हो यांच्यासारखे वादक ज्या काळात तासन् तास स्टुडिओत वाजवत होते, त्या काळात एक रॉड तुटला म्हणून इंग्लंडमधल्या लेस्टरहून प्रीमियर कंपनीचा रॉड मागवणं म्हणजे चंद्रावरून माती आणणं. मग लेथवाल्याकडे जायचं, नमुना दाखवायचा, “असा एक करून दे भाऊ.” क्रोम उडाला की मुलामा देणाऱ्याकडे. रिम वाकली की बँडवाल्यांची वाद्यं दुरुस्त करणाऱ्याकडे, अगदीच झालं तर मेरठच्या जाली कोठीतून नवीन. यातून इथले ड्रम संमिश्र झाले.

पण संमिश्र म्हणजे न वाचता येण्याजोगे नव्हे. उलट इथले बदल डोळ्यांत भरतात. लेथवर कातलेल्या रॉडच्या डोक्यावर हत्याराच्या गोल रेघा राहतात, कारखान्यातल्या रॉडवर नाहीत. पुन्हा दिलेल्या क्रोमखाली कानसलेल्या कडा गोल होतात, आणि मूळ शिक्क्याची अक्षरं बुजून बोथट झालेली दिसतात. माझ्याकडे आठ लग असलेला प्रीमियरचा एक स्नेअर आहे. सहा लग मूळचे, दोन इथे ओतलेले. हातावर तोलले तर ते दोन जड आहेत. त्यांच्या आत स्प्रिंगच नाही, नट सरळ डाख देऊन पक्कं केलंय. कुणा कारागिरानं स्प्रिंगचा प्रश्न स्वतःच्या डोक्यानं सोडवला. ज्यांना हे दोन लग दिसत नाहीत आणि फक्त बिल्ला दिसतो, त्यांना त्या ड्रमची चाळीस वर्षं दिसतच नाहीत. शिकागोत किंवा लेस्टरमध्ये तो जन्मला त्या दिवसापुरताच तो त्यांना ड्रम वाटतो. नंतर इथे जे झालं ते त्यांच्या लेखी ‘खराब केलेलं’.

राहिलं ब्रह्मास्त्र: आवाज ऐका, साल घेऊन काय करायचं? मोठं उदात्त वाक्य आहे. माझी एकच विनंती आहे. हे वाक्य किंमत सांगण्याच्या आधी म्हणा. सालाला महत्त्व नाही ना? मग 1964 असल्याचे वरचे पैसे का घेता? आवाजाचेच पैसे घ्या, मी हातात काड्या घेऊन येतो, पाच मिनिटं वाजवतो आणि भाव करतो. पण तसं होत नाही. साल पाठीशी असलं की ते शास्त्र, साल उलटलं की आवाज म्हणजे अध्यात्म. सोयीचं अध्यात्म फार महाग पडतं, आणि पडतं ते नेहमी घेणाऱ्याला.

साल ठरवायचं असेल तर भोकं मोजा, त्यांच्यातलं अंतर मोजा, लगखालचा झाकीचा रंग बघा, खटका उघडा, आटे तपासा, मुलामा बघा, आतलं लाकूड आणि शिक्का बघा, आणि मग सगळ्यात शेवटी, सगळ्या साक्षी झाल्यावर, बिल्ल्याकडे वळा. तो साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे. या क्रमानं गेलात तर दहांपैकी नऊ ड्रम आपला पट्टा स्वतःच सांगतात. दहावा गप्प राहतो. त्याला 1964 म्हणण्याचा अधिकार तरीही कुणालाच मिळत नाही.

जुना ड्रम घ्यायला निघाला असाल तर खिशात पेचकस ठेवा आणि पैसे काढण्याआधी म्हणा, “एक लग उघडून बघू द्या.” हो म्हणाले तर बसा, चहा घ्या. नाही म्हणाले तर उठा.